आलेला पैसा आधी वाचावा

आमच्या अंबड तालुक्यात अंकुशनगर आहे. जिल्हा जालना. तिथे समर्थ सहकारी साखर कारखाना आहे. दक्षिणेला गोदावरी वाहते. आमच्याकडे तिला गंगाच म्हणतात. उसाचे दिवस आले की रस्त्याला गाड्यांची रांग लागते. रात्रभर माणसांची जाग असते.

या भागातल्या एका घराची हकीकत या पाठात सांगत आहोत. नावे सांगत नाही. असे घर तुमच्याही गावात आहे.

घरात म्हातारी माय आहे. तिला तीन मुलगे. थोरला शेती पाहतो. मधला चार वर्षांपूर्वी वारला. त्याची बायको दोन लेकरांना घेऊन याच घरात राहते. धाकटा कारखान्यात नोकरीला आहे. जमीन चार एकर, कोरडवाहू. सातबाऱ्यावर चार हिस्से आहेत. एक मायचा, एक थोरल्याचा, एक मधल्या सुनेचा व तिच्या लेकरांचा, आणि एक धाकट्याचा. चारही हिस्से सारखे आहेत.

सन २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यावर आभाळ फाटले. एखाद्या महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला की सरकार त्याला अतिवृष्टी म्हणते. त्या महिन्यात असे दिवस पुन्हा पुन्हा आले. महिनाअखेर जायकवाडीतून गंगेला मोठे पाणी सोडावे लागले. काठची शिवारे बुडाली. या घराचे चार एकर गंगेपासून लांब होते. तरी वावरात पाणी साचून राहिले. कपाशीची बोंडे झाडावरच सडली.

तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक बांधावर आले. पंचनामा झाला. थोरल्याने सही केली. चौघांच्या वतीने पैसा थोरल्याच्या खात्यात यावा, असे संमतीपत्र दिले. मग वाट पाहणे आले. दिवाळी झाली. मोबाइल वाजला.

५,१०० रुपये

आमचा साक्षरता वर्ग संध्याकाळी शाळेत भरतो. मधली सून वर्गाला येते. गेल्या वर्षी तिला सही येत नव्हती. आता ती सावकाश, बोट ठेवून वाचते. त्या दिवशी ती भायाचा मोबाइल घेऊन आली.

म्हणाली, "गुरुजी, अक्षरं इंग्रजी हायत. आकडा मला कळला. पाच हजार एकशे. पण एवढेच कसे?"

तिच्यामागून थोरला आला. धाकटाही आला. तिघांची तीन मते होती.

थोरला म्हणाला, "आलं ते आपलं. कमी का आलं म्हणून विचारायला गेलो तर हेबी जाईल."

धाकटा घाबरलेला होता. म्हणाला, "दादा, तुम्ही त्या पैशाला हात लावू नका. मी सप्टेंबरातच टॅक्सचा फॉर्म भरलाय. त्यात हे पैसे दाखवले नाहीत. आमच्या खात्यातल्या एकाला सरकारी पैसे परत भरावे लागले. उद्या मलाबी नोटीस येईल."

"आणि बाजारात एक माणूस भेटला," तो पुढे बोलला. "पाचशे रुपये द्या, म्हणतो. आधार आणि पॅनचा फोटो द्या. सगळं मिटवून देतो."

मधली सून काही बोलली नाही. ती आकड्याकडे पाहत होती.

मंडळी, आम्ही चाळीस वर्षे शाळेत काढली. गावाला वाटते हेडमास्तरला सगळे येते. तसे काही नसते. आम्ही त्यांना म्हणालो, "आज पैसा खर्चू नका, परतही करू नका. कुणाला पाचशेही देऊ नका. आधी हा पैसा वाचू." दुसऱ्या दिवशी आम्ही अंबडला गेलो. तहसिलीत विचारले. करसल्ला देणाऱ्या एका जाणकाराला विचारले. जे कळले ते इथे मांडत आहोत.

पहिला प्रश्न : हा पैसा कशाचा?

आपल्या खात्यात सरकारचा पैसा चार वाटांनी येतो. त्या वाटा वेगळ्या आहेत. सगळ्याला "सरकारचे पैसे" म्हणून एकाच गाठोड्यात बांधू नये.

एक, आपत्तीची मदत. पंचनाम्यावर मिळते. यालाच लोक अनुदान म्हणतात.

दोन, पीकविमा. आपण विमा उतरवला असेल तरच मिळतो. ती विमा कंपनीची रक्कम असते.

तीन, पीएम-किसान. वर्षाला ६,००० रुपये, दोन दोन हजारांच्या तीन हप्त्यांत. राज्याची नमो शेतकरी योजना त्याच्या जोडीला आहे.

चार, करातला परतावा. पगारातून जास्त कर कापला गेला असेल तर तो परत येतो.

मग ५,१०० रुपये यातले कोणते? बँकेत जाऊन पासबुक भरून घेतले. रकमेच्या ओळीवरून आणि ग्रामपंचायतीत लावलेल्या यादीवरून कळले. ती अतिवृष्टीची मदत होती.

दुसरा प्रश्न : किती यायला हवे होते?

मदतीचा दर ठरलेला असतो. केंद्र आणि राज्य मिळून आपत्तीसाठी निधी ठेवतात. त्याच्या नियमाप्रमाणे पिकाचे नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असेल तर मदत मिळते. २०२५ साली कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला हेक्टरी १७,००० रुपये आणि फळबागेसारख्या बहुवार्षिक पिकाला हेक्टरी २२,५०० रुपये असा दर होता. एरवी ही मदत दोन हेक्टरांपर्यंत मिळते. ७ ऑक्टोबर २०२५ रोजी राज्य सरकारने ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्यात मर्यादा तीन हेक्टरांची केली. रब्बीच्या बियाण्यासाठी आणि इतर कामांसाठी हेक्टरी १०,००० रुपये वेगळे देऊ केले.

दर पुढे बदलतील. म्हणून प्रत्येक वेळी दर विचारावा. हिशोबाची रीत मात्र बदलत नाही. ती आज शिकू.

आपण एकरात बोलतो. सरकार हेक्टर आणि आर यांत लिहिते. एक एकर म्हणजे सुमारे ४० आर. १०० आर म्हणजे एक हेक्टर.

४ एकर × ४० = १६० आर.
१६० आर = १.६० हेक्टर.
१.६० × ८,५०० = १३,६०० रुपये.

फळ्यावर एवढे झाले तेव्हा वर्ग शांत झाला. यायला हवे होते १३,६००. आले ५,१००. तूट ८,५०० ची.

मधली सून म्हणाली, "गुरुजी, साडेआठ हजार म्हंजी तर एका हेक्टरचे."

बरोबर. तिने वर्मावर बोट ठेवले. आम्ही उलटा हिशोब केला.

५,१०० ÷ ८,५०० = ०.६०.

म्हणजे कुणाच्या तरी हातून १.६० च्या जागी ०.६० लिहिले गेले होते. एक आकडा गळाला. एक हेक्टर जमीन कागदावरून गेली. दुसऱ्या दिवशी ती ग्रामपंचायतीत गेली. यादीत भायाचे नाव शोधले. नावापुढे क्षेत्र होते ०.६०. तिने ते वहीत उतरवून आणले.

थोरला तिच्या वहीकडे बघत राहिला. पंचनाम्याच्या दिवशी त्याने न वाचता सही केली होती.

न वाचता दिलेली सही

इथे आम्हाला आमच्या लहानपणचे आठवते. १९७२ चा दुष्काळ होता. तेव्हा जालना जिल्हा झाला नव्हता. तो १ मे १९८१ रोजी झाला. आमचा अंबड तालुका औरंगाबाद जिल्ह्यात होता. विहिरी आटल्या. माणसे रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेली. लेकरांना सुकडी मिळायची. आमची आई कामावर जायची. आम्ही दहा-अकरा वर्षांचे होतो.

पगाराच्या दिवशी मस्टरवर अंगठा द्यावा लागे. आई शाईत अंगठा बुडवायची आणि दाखवतील तिथे टेकवायची. एकदा तिने सहा दिवस काम केले. हातात पैसे चार दिवसांचे पडले. तिने विचारले. उत्तर आले, "कागदावर चारच आहेत, अंगठा तुझाच आहे." आई घरी आली आणि चूल पेटवायला बसली. पुढे काही बोलली नाही. त्या कागदावर काय लिहिले होते ते आम्हाला आजही माहीत नाही. आम्ही तेव्हा चौथीत होतो, आम्हाला वाचता येत होते. पण आम्ही तिच्याबरोबर गेलो नव्हतो. हे मनाला अजून लागते.

आता मस्टर गेले. मोबाइल आला. पण न वाचता अंगठा देणारा माणूस आजही तिथेच उभा आहे.

हे आम्ही उगाच म्हणत नाही. आमच्याच अंबड आणि शेजारच्या घनसावंगी तालुक्यात २०२२ ते २०२४ या काळातल्या अनुदानवाटपाची चौकशी झाली. खोटी नावे यादीत घालून पैसे काढल्याचा आरोप झाला. काही तलाठी व कर्मचारी निलंबित झाले. २०२५ साली पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. खरेखोटे न्यायालय ठरवील. आपण एवढे शिकावे की यादी लावलेली असते ती वाचण्यासाठी. आपले नाव वाचावे. आपल्या गावात नसलेली नावे दिसली तर तेही लक्षात घ्यावे.

तिसरा प्रश्न : कर भरून झाल्यावर मदत आली, मग काय?

आता धाकट्याची भीती. ती खोटी नव्हती. तिला फक्त उजेड हवा होता.

गावात आपण दोन करांची गल्लत करतो. एक शेतसारा. तो जमिनीवर असतो आणि तलाठ्याकडे भरतो. दुसरा प्राप्तिकर. तो कमाईवर असतो आणि केंद्र सरकारचा असतो. धाकटा बोलत होता तो प्राप्तिकराबद्दल. त्याच्या पगारातून थोडा कर कापला गेला होता. तो परत मिळावा म्हणून त्याने विवरणपत्र भरले होते. विवरणपत्र म्हणजे वर्षभराच्या कमाईचा सरकारला दिलेला हिशोब.

पहिली गोष्ट, वर्ष कोणते ते पाहावे. करासाठी वर्ष १ एप्रिलला सुरू होते आणि ३१ मार्चला संपते. धाकट्याने भरलेला हिशोब १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ या वर्षाचा होता. तो भरायची मुदत एरवी ३१ जुलै. २०२५ साली ती वाढत १६ सप्टेंबरपर्यंत गेली. मदत आली दिवाळीनंतर. म्हणजे ती पुढच्या वर्षात पडली. गेल्या वर्षाच्या हिशोबात ती नसणार. नसायलाच हवी.

आम्ही धाकट्याला विचारले, "मार्चमध्ये तू खळ्यातल्या धान्याची पोती मोजलीस. दिवाळीनंतर आणखी एक पोते आले. तर मार्चची मोजणी खोटी ठरते का?"

तो म्हणाला, "नाही गुरुजी. ते पुढच्या मोजणीत येईल."

तसेच हे आहे. त्याने भरलेला कागद खरा होता. तो बदलायचे कारण नाही.

दुसरी गोष्ट, कर लागतो का ते पाहावे. नैसर्गिक आपत्तीबद्दल केंद्र सरकार, राज्य सरकार किंवा ग्रामपंचायत-नगरपालिकेसारखी स्थानिक संस्था माणसाला किंवा त्याच्या वारसांना जी भरपाई देते, तिच्यावर प्राप्तिकर नाही. २००७ साली ही सूट कायद्यात घातली गेली. यात एक अट आहे. त्याच नुकसानीची वजावट कराच्या हिशोबात आधीच घेतली असेल, तर तेवढ्या रकमेला सूट मिळत नाही. दुकानदाराला किंवा व्यापाऱ्याला हे पाहावे लागते. धाकट्याने अशी वजावट घेतली नव्हती.

शेतीच्या कमाईवरही केंद्राचा प्राप्तिकर नाही. पण पगारदार माणसाच्या घरी शेती असेल तर ती कमाई विवरणपत्रात दाखवायची असते. कर नाही म्हणजे लपवायचे, असे नव्हे. पुढच्या वर्षीचे विवरणपत्र भरताना धाकट्याने भरून देणाऱ्याला सांगावे, "माझ्या वाट्याला इतकी आपत्तीची मदत आली." करमाफ रकमांच्या ठिकाणी ती दाखवता येते. सोबत यादीची प्रत आणि पासबुकाची प्रत घरी जपून ठेवावी.

एक बारीक गोष्ट राहिली. मदतीवर कर नाही. पण मदत बँकेत मुदतीने ठेवली आणि तिच्यावर व्याज मिळाले, तर ते व्याज कमाईत धरतात.

आणि समजा, भरलेल्या विवरणपत्रात खरोखर चूक असेल तर? तरी घाबरू नये. सुधारित विवरणपत्र भरायची सोय कायद्यात आहे. त्याला मुदत असते. मुदतीत भरावे.

परत करायचा पैसा कोणता?

मग धाकट्याच्या खात्यातल्या माणसाला पैसे का परत भरावे लागले? आम्ही चौकशी केली. त्याचे पैसे पीएम-किसानचे होते. त्या योजनेत नियम आहे. मागच्या वर्षी ज्याने प्राप्तिकर भरला, त्या कुटुंबाला हा हप्ता मिळत नाही. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुले. त्या माणसाला कर बसत होता. तरी हप्ते येत राहिले. मग सरकारने ते परत मागितले.

म्हणजे पैसा दोन तऱ्हेचा झाला. एक ठेवायचा, एक परत करायचा. पासबुकात दोन्ही शेजारी शेजारी बसतात. दिसायला सारखेच. वाचल्याशिवाय ओळखू येत नाहीत. तुमच्या घरात कुणी प्राप्तिकर भरत असेल आणि पीएम-किसानचे हप्तेही येत असतील, तर तहसील किंवा कृषी कार्यालयात स्वतः जाऊन सांगावे. नोटिशीची वाट पाहू नये. अतिवृष्टीची मदत मात्र नुकसानीची असते. ती पंचनाम्यावर आणि सातबाऱ्यावर मिळते. तिची गल्लत या हप्त्याशी करू नये.

आणि बाजारातला तो माणूस? त्याला मिटवण्यासारखे काही नव्हतेच. आधार, पॅन आणि मोबाइलवर येणारा ओटीपी अनोळखी माणसाला देऊ नये. "तुमचे अनुदान अडकले आहे, ओटीपी सांगा" असा फोन आला तर फोन ठेवावा. पैसे गेलेच तर उशीर न करता १९३० या क्रमांकावर कळवावे. हा फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी क्रमांक आहे.

चूक दुरुस्त कशी झाली?

मधल्या सुनेने अर्ज लिहिला. आम्ही फक्त ऱ्हस्व-दीर्घ पाहिले. अर्ज असा होता :

"मा. तहसीलदार साहेब, अंबड यांस. आमचे क्षेत्र १.६० हेक्टर आहे. अतिवृष्टीच्या यादीत ०.६० लागले आहे. आम्हाला ५,१०० रुपये मिळाले. १३,६०० मिळायला पाहिजे होते. सोबत सातबारा, आठ-अ आणि पासबुकाची प्रत जोडली आहे. पंचनामा पाहून दुरुस्ती करावी ही विनंती."

खाली चौघांच्या सह्या होत्या. मायने अंगठा दिला. पण देण्याआधी तिने सुनेकडून अर्ज दोनदा वाचून घेतला.

अर्जाच्या दोन प्रती केल्या. एक कचेरीत दिली. दुसरीवर पोच घेतली. पोच म्हणजे शिक्का, तारीख आणि सही. पोच नसलेला अर्ज म्हणजे विहिरीत टाकलेला दगड. आवाज होतो, पण हाती काही उरत नाही.

अर्जाआधी तलाठ्याला भेटले, तेही बरे झाले. त्याने पंचनाम्याची प्रत काढली. तिच्यात १.६० होते. चूक यादी करताना झाली होती. सगळ्याच चुका लबाडीने होत नाहीत. म्हणून पहिले बोलणे नम्र असावे. पण बोलणे असावे.

कुठे दाद लागली नाही तर मंडळ अधिकारी, तहसीलदार, जिल्हाधिकारी अशी चढती पायरी आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने दहा रुपये भरून आपल्या पंचनाम्याची प्रत मागता येते. एरवी तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते.

या घराचे काम पुरवणी यादीत झाले. संक्रांतीच्या सुमारास उरलेले ८,५०० आले. बियाण्याचे पैसे मागाहून वेगळे आले. १.६० × १०,००० म्हणजे १६,००० रुपये.

बँकेच्या खिडकीवर

थोरल्याच्या नावे पीककर्ज होते. त्याला वाटले, बँक हा पैसा कर्जात ओढून घेईल. मदतीच्या शासन निर्णयात लिहिलेले असते की बँकांनी या रकमेतून वसुली करू नये. तरी कधी कधी तसे होते. काही वर्षांपूर्वी आमच्याच खात्यात झाले होते. आलेली मदत कर्जाकडे वळती केली गेली. आम्ही आरडाओरड केली नाही. शासन निर्णयाची प्रत जोडून व्यवस्थापकाला लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली. आठ दिवसांत रक्कम खात्यात परत आली.

कर्ज फेडू नये, असा याचा अर्थ नाही. कर्ज फेडावेच. पण कधी आणि किती, हे आपण ठरवावे.

साऱ्याचेही तसेच. अतिवृष्टीच्या साली सरकार अनेकदा जमीन महसुलात सवलत जाहीर करते. सवलत येण्याआधी सारा भरला असेल तर पावती फेकू नये. ती घेऊन तलाठ्याकडे जावे आणि पुढे काय करायचे ते विचारावे.

वाटणी

पैसा थोरल्याच्या खात्यात होता. पण तो एकट्या थोरल्याचा नव्हता. संमतीपत्राने पैसा एका खात्यात येतो. हक्क चौघांचाच राहतो. घरे फुटतात ती इथे.

मधली सून म्हणाली, "भाऊजी, वहीत लिहून ठेवू."

थोरल्याला ते लागले. "आमच्यावर भरवसा नाही का तुझा?"

तेव्हा माय बोलली. "अरे, तिचा नवरा गेला तेव्हा कुणाचं देणं-घेणं कळलं नाही. सहा महिने माणसं दारात येत होती. लिहू दे तिला."

थोरला गप्प झाला. मग त्यानेच वही पुढे ओढली. "लिही. मी सांगतो."

वहीत असे लिहिले गेले :

कार्तिकात आलेली मदत : ५,१०० रुपये.
संक्रांतीला आलेली मदत : ८,५०० रुपये.
दोन्ही मिळून : १३,६०० रुपये.
चार हिस्से : १३,६०० ÷ ४ = प्रत्येकी ३,४०० रुपये.
बियाण्याची मदत : १६,००० रुपये. ही चौघांच्या शेतीत लावायची. आधी उसने काढून पेरलेल्या हरभऱ्याचे बियाणे आणि खत यांचे देणे यातून द्यायचे. उरेल ते पुढच्या पेरणीला ठेवायचे.

धाकट्याने आपले ३,४०० मायच्या औषधाला दिले. तरी वहीत ते त्याच्याच नावे लिहिले. पुढच्या विवरणपत्राच्या वेळी त्याला हाच आकडा लागेल. मधल्या सुनेने आपल्या हिश्श्यातून मुलीची वह्या-पुस्तके घेतली आणि उरलेले तिच्या स्वतःच्या खात्यात टाकले. ते खाते तिने नवीन काढले होते. फॉर्मवर सही तिची स्वतःची होती.

मंडळी, १३,६०० रुपयांनी कपाशीचे नुकसान भरून निघाले नाही. चार एकरांची कपाशी त्याहून कितीतरी मोलाची होती. मदत म्हणजे आधाराची काठी. पण साडेआठ हजारांची काठी आकडा गळाल्यामुळे हातची जात होती, आणि उरलेले पाच हजार भीतीने परत जाणार होते. दोन्ही वाचले ते एका बाईने बोट ठेवून वाचले म्हणून.

लक्षात ठेवा

१. पैसा आला की आधी तो कशाचा आहे ते विचारा.
२. क्षेत्र आणि दर यांचा गुणाकार घरी करा.
३. यादीतले आपले नाव आणि क्षेत्र स्वतः वाचा.
४. कोणत्या तारखेला आला ते लिहा. तारखेवरून करवर्ष ठरते.
५. आपत्तीच्या सरकारी मदतीवर प्राप्तिकर नाही. तरी कागद जपा.
६. प्रत्येक अर्जाची पोच घ्या.
७. ओटीपी कुणाला सांगू नका.
८. सामाईक पैसा सामाईक वहीत लिहा.

शब्दांचे अर्थ

पंचनामा : जागेवर जाऊन, साक्षीने लिहिलेला नुकसानीचा कागद.
प्राप्तिकर : कमाईवरचा कर.
विवरणपत्र : कमाईचा आणि कराचा वर्षाचा हिशोब.
पुरवणी यादी : पहिल्या यादीत राहिलेल्यांची नंतरची यादी.
संमतीपत्र : आपली हरकत नाही असे लिहून दिलेला कागद.
सामाईक : अनेकांच्या मालकीचे.

प्रश्न

१. धाकट्याने भरलेला हिशोब खोटा का ठरला नाही?
२. पीएम-किसानचा हप्ता आणि अतिवृष्टीची मदत यांत फरक काय?
३. थोरल्याच्या खात्यात आलेला पैसा चौघांचा का?
४. तुमच्या गावात यादी कुठे लावतात? उद्या जाऊन पाहा.

हिशोब करा

एका शेतकऱ्याची तीन एकर कोरडवाहू सोयाबीन बुडाली. हेक्टरी ८,५०० रुपये दराने किती मदत मिळेल? आधी आर काढा, मग हेक्टर, मग रुपये. उत्तर १०,२०० यायला हवे. नाही आले तर पुन्हा करा. तरीही नाही आले तर वही घेऊन वर्गाला या.